निवासी चित्रकार (विद्यापीठातील)
विद्यापीठाने ठरावीक मुदतीसाठी मानधन व चित्रशाळा देऊन बोलावलेला पाहुणा कलावंत. अमेरिकेतील सुरुवातीचे ठळक उदाहरण विस्कॉन्सिन विद्यापीठाचे. १९३६ मध्ये तेथे जॉन स्टुअर्ट करी यांची नेमणूक झाली, तीही कला विभागात नव्हे, तर कृषी महाविद्यालयात. तास घेण्याचे बंधन नव्हते. महाविद्यालयाच्या आवारातील छोट्या चित्रशाळेत ते रंगवत बसत, विद्यार्थी येऊन पाहत; गावोगावच्या हौशी चित्रकार शेतकऱ्यांची चित्रे ते आस्थेने पाहत, सल्ला देत. जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत त्यांची भित्तिचित्रे आहेत. त्याआधी डार्टमथ महाविद्यालयात मेक्सिकन चित्रकार ओरोझ्को यांनी १९३२–३४ मध्ये ग्रंथालयाच्या भिंती रंगवल्या. त्यांचे काम अधिक भव्य. पण निवासाचा खरा अर्थ करींनीच दाखवला. १९४६ मध्ये मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते.