चिलटाला केळ्याचा वास कसा कळतो?



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु प्रयोगशाळेलाही इतिहास असतो. असाच एक इतिहास मुंबईच्या कुलाब्यात घडला. तो सांगण्यापूर्वी माझी एक चूक सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे आठवीच्या वर्गावर माझा ऑफ तास होता. एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, घरात केळी पिकली की लगेच चिलटं येतात. त्यांना कोण सांगतं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "पुस्तकातलं विचार" असे म्हणून तिला खाली बसवले. पुढे वाचनात आले की, याच प्रश्नावर एका थोर शास्त्रज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षे वेचली होती. त्यांचे नाव डॉ. ओबेद सिद्दीकी.

सिद्दीकींचा जन्म १९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हावर प्रयोग करू लागले. तेथे गारपिटीने त्यांचे प्रयोगाचे पीक गेले. हातातोंडाशी आलेले पीक जाणे म्हणजे काय, हे आपल्या दौंड तालुक्यातील शेतकऱ्याला सांगायला नको. सिद्दीकींनी मात्र हार मानली नाही. शेत सोडून त्यांनी सूक्ष्म जीवांची वाट धरली. ग्लासगो विद्यापीठात प्रा. पोन्तेकोर्वो यांच्या हाताखाली बुरशीच्या आनुवंशिकतेवर संशोधन करून १९६१ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

त्यानंतर अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर त्यांनी जीवाणूंवर काम केले. जनुक म्हणजे प्रथिन कसे बांधावे याची लेखी आज्ञा होय. या आज्ञेत भलत्याच जागी पूर्णविराम पडला, तर वाक्य अर्धे राहते आणि प्रथिनही अर्धवट राहते. दुसऱ्या एका जनुकात बदल झाला, तर हा चुकीचा पूर्णविराम ओलांडून वाक्य पुरे होऊ शकते, असे या दोघांनी १९६२ मध्ये दाखवले. जनुकांची भाषा उलगडण्यास या कार्याचा मोठा हातभार लागला.

लिओ झिलार्ड या विख्यात शास्त्रज्ञाने डॉ. होमी भाभांकडे सिद्दीकींची शिफारस केली. भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था मुख्यतः गणित आणि पदार्थविज्ञान यांची. तेथे १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उघडला आणि त्याची धुरा अवघ्या तीस वर्षांच्या सिद्दीकींवर सोपवण्यात आली.

पुढे ते चिलटांकडे, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला ड्रोसोफिला म्हणतात त्या माशीकडे वळले. ही माशी लहानशा बाटलीत वाढते, मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट यांवर जगते आणि दहा-बारा दिवसांत तिची पुढली पिढी तयार होते. अमेरिकेत सीमूर बेंझर यांच्यासह सिद्दीकींनी काही विलक्षण माश्या अभ्यासल्या. उष्णता वाढली की त्या लुळ्या पडत आणि गारवा मिळताच पुन्हा चालू लागत. त्यांच्या मज्जातंतूंतील विद्युत संकेतांत काय बिघडते, हे या दोघांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

मुंबईत याच सुमारास मूळच्या गोव्याच्या कुटुंबात, परंतु केनियात जन्मलेली व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही तरुणी डब्लिनमध्ये शिकून सिद्दीकींकडे संशोधनासाठी आली. दोघांनी वास आणि चव न कळणाऱ्या माश्या हुडकून काढल्या. दोन फाटे असलेल्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्याला वास ठेवायचा आणि कोण कुठे जाते ते मोजायचे. एखादा जनुक बिघडला की माशीला काही वास कळत नाहीत, इतर मात्र कळतात, असे दिसून आले. १९७८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना उंदरांमध्ये गंध ओळखणारी जनुके सापडली. त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिद्दीकींनी बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. १९८४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१३ मध्ये रस्त्यावरील अपघातानंतर त्यांचे निधन झाले.

आता त्या मुलीचे उत्तर. पिकलेल्या फळातून सुटणारे सूक्ष्म रेणू हवेतून चिलटाच्या शृंगिकांवरील केसांना लागतात. तेथील मज्जापेशी ती खबर मेंदूला देतात. चिलटाला कोणी सांगत नाही, त्याचे नाकच सांगते. हे मी तिला सांगू शकलो नाही. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले.

पालकांनो, "शास्त्र शिकून पोटाला काय मिळणार?" हा आपला प्रश्न रास्त आहे. परंतु पाटसहून रेल्वेने जाता येण्याजोग्या पुण्यात २००६ पासून आयसर आहे, तसेच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथील दारे मुलींनाही उघडी आहेत. तिथवर पोहोचायचे तर आधी दहावीनंतर शाळा सुटता कामा नये, हे आपल्या हाती आहे. आणि मुलांचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, हे आम्हा शिक्षकांच्या हाती आहे. उत्तर येत नसेल, तर "उद्या शोधून सांगतो" एवढे तरी म्हणावे. मी आता तसेच म्हणतो.