एकाच वेळी बारा देशांत

१९९६, कॅलिफोर्निया. ग्रीनफिल्ड या छोट्या गावात एका लहान मुलीवरच्या अत्याचाराची तक्रार पोलिसांकडे येते. तपासात उघड होतं, की ‘ऑर्किड क्लब’ नावाच्या टोळीचे सभासद तो प्रकार इंटरनेटवरून थेट बघत होते. धागा इंग्लंडमध्ये ससेक्सपर्यंत जातो आणि तिथे याहून मोठी टोळी सापडते: ‘वंडरलँड’. तिच्यात शिरायचं तर मुलांवरच्या अत्याचाराची दहा हजार चित्रं आणून द्यावी लागत.

१ सप्टेंबर १९९८, रात्र. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम स्क्वॉडने इंटरपोलच्या साथीने बारा देशांतल्या पोलिसांशी वेळ ठरवून ठेवली आहे. सगळी भिस्त या वेळेवर. एका देशाने घाई केली आणि पकडलेल्याने चॅटवर कुणाला सावध केलं, तर बाकीच्यांचे पुरावे पुसायला काही मिनिटं पुरतील.

२ सप्टेंबर, ग्रीनविच वेळेप्रमाणे पहाटे ४. लंडनमध्ये पाच वाजलेत, रोम आणि बर्लिनमध्ये सहा, हेलसिंकीत सात. सिडनीत भर दुपार, तर न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र. धाडी पडतात. १०७ जणांना अटक होते.

इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. अनर्थ कळला तो नंतर, जप्त केलेले संगणक उघडल्यावर. साडेसात लाख चित्रं, त्यांत १,२६३ वेगवेगळी मुलं. खटला उभा राहीपर्यंत त्यांतल्या जेमतेम सोळा जणांची ओळख पटली होती. गुन्हेगारांना गाठायला बारा देश एका वेळी धावले, पण या मुलांना शोधायला देशोदेशीची चित्रं एकत्र ताडून बघण्याची सामाईक सोयच नव्हती. बाकीची मुलं कुठल्या घरात, कुणाच्या ताब्यात होती? या प्रश्नापुढे १०७ अटकांचं समाधान मला वाटत नाही.

फेब्रुवारी २००१, लंडन. सात ब्रिटिश आरोपींना शिक्षा: बारा ते तीस महिने. गुन्ह्याच्या वेळी लागू असलेल्या कायद्यात कमाल शिक्षाच तीन वर्षं होती. संसदेने ती दहा वर्षांवर नेली, पण या सातजणांना ती लागू झाली नाही.

त्याच वर्षी इंटरपोलने चित्रांचा सामाईक संग्रह सुरू केला. २००९मध्ये त्याची जागा ‘आयसीएसई’ या नव्या संग्रहाने घेतली. तिथले तपासनीस मुलाच्या चेहऱ्याइतकंच मागचं बघतात: भिंतीवरच्या प्लगच्या खाचा, बिस्किटाच्या पुड्यावरची लिपी, गणवेशाचा बिल्ला. तेवढ्यावरून देश ठरतो, मग शहर, कधी शाळासुद्धा.

भारत या संग्रहाशी जोडला गेला २०२२च्या जुलैमध्ये, सीबीआयमार्फत. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘मेघचक्र’ मोहिमेत मुलांवरच्या अत्याचाराची चित्रं पसरवणाऱ्यांवर देशभर धाडी पडल्या.

असं चित्र तुमच्या फोनवर आलं, तर ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढे पाठवू नका. पाठवणं हाही गुन्हाच आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते. आणि एखादं मूल संकटात आहे अशी शंका जरी आली, तरी १०९८ हा क्रमांक फिरवा.