२२ एप्रिलची शर्यत

मंडळी, आज २२ एप्रिल. पेपरातल्या दिनविशेषाच्या चौकटीत आज 'वसुंधरा दिन' सापडेल. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातही ही तारीख जमिनीचीच, पण वेगळ्या कारणाने.

२२ एप्रिल १८८९, सोमवार, दुपारचे बारा. हद्दीवर सुमारे ५० हजार माणसं खोळंबलेली. कुणी घोड्यावर, कुणी गाडीत, कुणी पायी, कुणी रेल्वेच्या डब्यात. बिगुल वाजला, बंदुकांचे बार झाले आणि सगळे सुसाट सुटले. जो आधी पोचून खुंटी ठोकेल, त्याला १६० एकर. तिथं पाच वर्षं राहायचं, कसायचं, की जमीन नावावर! अशी जवळपास १९ लाख एकर जमीन खुली केली होती. गथ्री हे सकाळी नुसतं रेल्वे स्टेशन, संध्याकाळी तिथं हजारोंचं तंबूंचं शहर.

आता यात लबाडी झाली नसती तरच नवल. कित्येकजण आदल्या रात्रीच आत शिरून झाडाझुडपात लपले होते. कायदा राखायला नेमलेले काही मार्शलसुद्धा त्यात होते, बोला! अशांना 'सूनर' म्हणजे आधी घुसलेले म्हणायचे. खटले वर्षानुवर्षं चालले. रेल्वेच्या कामावर म्हणून आधीच आत असलेल्या एका कामगाराने बाराच्या ठोक्याला रुळालगतची जमीन धरली; १८९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचाही हक्क नाकारला. आज तिथल्या विद्यापीठाचे खेळाडू अभिमानाने 'सूनर्स' म्हणवतात.

पण ही जमीन रिकामी झाली कशी? दिनविशेषाच्या एका ओळीत ते मावत नाही. १८३० च्या कायद्याने चेरोकी, क्रीक, चोक्टॉ वगैरे जमातींना त्यांच्या पूर्वेकडच्या मुलखातून उठवून इकडे पाठवलं. चेरोकींचे त्या वाटेवर हजारो लोक मेले. ही नवी भूमी कायम तुमची, असं करारात लिहून दिलं होतं. मग यादवी युद्ध झालं. जमातींच्या काही नेत्यांनी दक्षिणेची बाजू घेतली, हे निमित्त करून १८६६ मध्ये नवे करार लादले आणि क्रीक-सेमिनोलांकडून मधला पट्टा काढून घेतला. तो इतर जमातींना वसवण्यासाठी, असं तेव्हाचं बोलणं. पुढे त्याचं काय झालं, ते वर आलंच.

मला स्वतःला १९०५ चं प्रकरण जास्त लागतं. पूर्वेचा भाग तेव्हाही 'इंडियन टेरिटरी' होता. तिथल्या जमातींनी मस्कोगीला परिषद भरवली, राज्यघटना लिहिली, मतदान घेऊन ती मंजूरही केली. राज्याचं नाव ठरवलं सिक्वोया, चेरोकी भाषेला लिपी देणाऱ्या माणसाचं. वॉशिंग्टनने दाद दिली नाही. दोन्ही भाग जोडून १६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा हे ४६ वं राज्य झालं. नावही चोक्टॉ भाषेतलंच, अर्थ 'लाल माणसं'.

त्या दिवशी गथ्रीत वाचनालयाच्या पायऱ्यांवर एक लुटुपुटीचं लग्न लावलं. नवरदेव ओक्लाहोमा टेरिटरी. नवरी इंडियन टेरिटरी. दोनच वर्षांपूर्वी तिने वेगळं घर मागितलं होतं.