काथोडवाडीतल्या भेगा

आरोग्यसेविका म्हणून मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सत्तावीस वर्षं काढली. डोळखांब, टोकावड्याकडच्या वाड्यांच्या पायवाटा अजून पायांना पाठ आहेत. पण तिथली एक गोष्ट मला निवृत्त झाल्यावर उमगली. मे महिन्यात वीटभट्टीवरून परतणाऱ्या बायकांच्या तळहातावरच्या भेगा लवकर भरत का नसत, ती.

एका काथोडी बाईचा हात विसरता येत नाही. अंगठ्याच्या बुडाशी खोल भेग, कडा पांढऱ्या आणि कडक, आत चिखलाची काळी रेघ. कोमट पाण्यात बराच वेळ हात भिजवला तरी रेघ निघेना. "कधीपासून गं?" "होळीपासून, ताई." "मग तेव्हाच दाखवायला का नाही गेलीस?" "एक दिवस गेला की विटा कमी भरतात. खर्ची कापतात." त्यावर मी तिला स्वच्छतेचं व्याख्यान दिलं. आज त्याची लाज वाटते.

या लोकांचं नावच त्यांच्या धंद्यावरून पडलेलं आहे. खैराच्या लाकडाच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळायचे, रस आटवायचा, त्याच्या वड्या पाडायच्या, तो काथ. तो करणारे ते काथोडी, कातकरी. 1878 च्या वन कायद्याने जंगल सरकारचं झालं आणि खैराला हात लावणं गुन्हा ठरू लागलं. मग ही माणसं व्यापाऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबली. लाकूड त्यांच्याच डोंगरातलं, पण आता ते दुसऱ्याच्या हिशेबात जळत होतं. मुंबई फुगत गेली तशा भिवंडी, कल्याण, पडघ्याकडे वीटभट्ट्या वाढल्या. दिवाळी झाली की मुकादम उचल देतो, घराला कुलूप लागतं आणि पोराबाळांसकट कुटुंब पहिल्या पावसापर्यंत तिकडे. मधे आठवड्याला मिळते ती खर्ची, तीही पुढे अंगावरच्या पैशांत धरली जाते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. उचल मात्र कायद्याला चुकवून राहिलीच.

अशा न संपणाऱ्या ताणाने शरीराचं काय होतं, ते मी निवृत्तीनंतर वाचलं. माँट्रियलमध्ये शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असे वेगवेगळे त्रास दिले. त्रास कोणताही असो, शरीर एकाच तऱ्हेने मोडत होतं: अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. अधिवृक्कातून येणारं कॉर्टिसोल थोडा वेळ कामाचं असतं. संकटात शरीराला बळ पुरवण्यात त्याचाही वाटा असतो. पण ते रोज, महिनोन्महिने चढलेलं राहिलं तर जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची चाल बिघडते. त्या रक्तात गर्दी करतात, पण रक्तवाहिनीची भिंत ओलांडून जखमेत कमी उतरतात. रक्त तपासलं तर पेशी भरपूर दिसतात आणि जखम उघडीच.

या ताणाला शरीराचा स्वतःचा एक लगाम आहे, तो 1992 मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेखोलम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. मेंदूतून मिळालेल्या त्या पदार्थाला त्यांनी आपला संस्कृत शब्द दिला: आनंद. म्हणून आनंदामाइड. गांजातला मुख्य घटक पेशींवरच्या ज्या कुलुपात किल्लीसारखा बसतो त्यातच हा बसतो. दुसरं कुलूप 1993 मध्ये सापडलं, ते मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर. ते उघडलं की सूज बहुधा शमते. त्याच जातीचे पदार्थ मेंदूत कॉर्टिसोलच्या हुकुमालाही ब्रेक लावतात. धोका टळला, आता पुरे, असं शरीर शरीरालाच सांगतं. भट्टीवर धोका टळतो कधी?

ओहायोतल्या एका अभ्यासाने मला त्या हातापाशी परत नेलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या तेरा बायका आणि त्यांच्याच वयाच्या, तो भार नसलेल्या तेरा बायका. सगळ्यांच्या हातावर 3.5 मिलिमीटरची सारखीच जखम केली. भार नसलेल्यांची सरासरी 39.3 दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांची 48.7 दिवसांत. निबंध 1995 चा. म्हणजे मी नोकरीत असतानाच हे छापून आलं होतं, आणि मी साबण वाटत होते.

सगळं कॉर्टिसोलवर ढकलायचं नाही. रक्त कमी, ताटात डाळ नाही, चिखलात हात बारा तास. तरी चिंतेचा वाटा होताच, आणि तो आमच्या कुठल्याच रजिस्टरात लिहायला रकाना नव्हता.

तिची भेग त्या वर्षी आषाढात भरली. लावणीच्या चिखलात हात असूनही भरली, म्हणून मला ती लक्षात राहिली. दिवाळी झाल्यावर मी वाडीत लसीकरणाला गेले, तर तिच्या दाराला कुलूप होतं.