जुना व्हॉल्व्ह संच की नवा डिजिटल? हौशी रेडिओतील आवाजाचे गणित

हौशी रेडिओ, अर्थात ‘हॅम रेडिओ’, म्हणजे परवानाधारक नागरिकांनी कोणताही व्यापारी हेतू न ठेवता चालवलेले बिनतारी संभाषण. या छंदात एक वाद अनेक दशके चालू आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या संचांचा आवाज चांगला, की आजच्या संगणकीय संचांचा? जुन्याचे चाहते त्या आवाजाला ‘भरदार’ म्हणतात, नव्याचे चाहते आपल्या आवाजाला ‘स्वच्छ’ म्हणतात. दोन्ही वर्णने खरी आहेत, परंतु ती एकाच गुणाची नाहीत. संचात व्हॉल्व्ह आहे की चिप, यापेक्षा प्रक्षेपणाची पद्धत, फिल्टरची रुंदी, मायक्रोफोन, स्पीकर आणि संचाची सद्यःस्थिती यांवर आवाज अधिक अवलंबून असतो.

संचांच्या पिढ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हॅलिक्राफ्टर्स, नॅशनल, हॅमरलंड आणि आरसीए या अमेरिकी कंपन्यांचे व्हॉल्व्हचे रिसीव्हर नावाजलेले होते. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले संच अनेक देशांतील हौशी मंडळींच्या हाती आले. १९५७ साली कॉलिन्स कंपनीने ‘केडब्ल्यूएम-१’ हा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकत्र असलेला संच आणला. त्यापाठोपाठ आलेली तिची ‘एस-लाइन’ मालिका आजही संग्राहकांना प्रिय आहे.

१९७० च्या दशकात जपानी कंपन्यांचे संमिश्र संच लोकप्रिय झाले. यासूचा ‘एफटी-१०१’ किंवा केनवुडचा ‘टीएस-५२०’ यांत बहुतेक काम ट्रान्झिस्टर करीत. शेवटच्या शक्तिवर्धक टप्प्यात मात्र व्हॉल्व्ह असत. पुढे व्हॉल्व्ह पूर्णपणे गेले आणि वारंवारता ठरवण्याचे काम सिंथेसायझरकडे आले. आजच्या पिढीत अँटेनाकडून आलेल्या लहरींचे थेट अंकांत रूपांतर होते व उरलेले काम गणिताने होते. आयकॉम कंपनीच्या २०१६ मधील ‘आयसी-७३००’ने ही पद्धत सर्वसामान्य हौशी माणसाच्या टेबलावर आणली.

एएम आणि एसएसबी

जुन्या आवाजाच्या आठवणी बहुतांशी एएम पद्धतीच्या आहेत. एएममध्ये एक वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोलण्याचे दोन समान पट्टे असतात. तीन किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवायचा तर सहा किलोहर्ट्झ जागा लागते. एकसारख्या स्वराने पूर्ण मॉड्युलेशन केले, तरी एकूण शक्तीच्या दोनतृतीयांश भाग एकट्या वाहक लहरीत जातो आणि तिच्यात बोलण्याचा एक शब्दही नसतो.

एसएसबी पद्धतीत वाहक लहर आणि एक पट्टा गाळून उरलेला एकच पट्टा पाठवला जातो. जागा निम्मी लागते आणि सारी शक्ती बोलण्यावर खर्च होते. दूरच्या संपर्कासाठी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हौशी मंडळी हळूहळू एसएसबीकडे वळली ती याच कारणाने. मात्र या काटकसरीची किंमत आवाजाला मोजावी लागते. गाळलेली वाहक लहर रिसीव्हरला स्वतः निर्माण करून पुन्हा मिसळावी लागते. ती १०० हर्ट्झने चुकली, तर २००, ४०० आणि ६०० हर्ट्झचे स्वर अनुक्रमे ३००, ५०० आणि ७०० हर्ट्झवर जाऊन बसतात. त्यांचे परस्परांशी असलेले पटीचे नाते तुटते आणि माणसाचे बोलणे बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते.

जुन्या संचात ही चूक सहज घडते, कारण व्हॉल्व्ह तापत असताना वारंवारता सरकत राहते. नव्या संचात ती जागेवर स्थिर असते. उलट, एखाद्या आधुनिक संचावर नऊ किलोहर्ट्झचा फिल्टर लावून आणि मोठा स्पीकर जोडून एएम ऐकले, तर जुन्या आठवणीतला भरदारपणा बराचसा परत मिळतो.

फिल्टरची रुंदी

कॉलिन्सच्या एसएसबी संचांतील यांत्रिक फिल्टर हे त्या काळचे मोठे यश होते. विजेच्या कंपनांचे धातूच्या चकत्यांच्या कंपनांत आणि पुन्हा विजेत रूपांतर करून ते नको असलेला भाग गाळत. परंतु त्यांची रुंदी सुमारे २.१ किलोहर्ट्झच होती. आजच्या ‘आयसी-७३००’वर एसएसबी ऐकण्याचा पट्टा ३.६ किलोहर्ट्झपर्यंत वाढवता येतो आणि बोलण्याचा पट्टा १०० ते २,९०० हर्ट्झ ठेवता येतो. म्हणजे एसएसबीपुरते पाहिले, तर ज्या संचाचे सर्वाधिक गोडवे गायले जातात तोच अधिक अरुंद ठरतो.

रुंदीचा परिणाम व्यंजनांवर सर्वाधिक होतो. स्वरांची ऊर्जा मुख्यतः खालच्या पट्ट्यात असते. ‘स’ आणि ‘श’ यांची ओळख पटवणारी बरीचशी ऊर्जा तीन किलोहर्ट्झच्या वर असते. अरुंद फिल्टरमधून ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गोंधळ होऊ शकतो. नावे आणि संकेतचिन्हे सांगताना एकेका अक्षरासाठी ठरलेले शब्द उच्चारण्याची पद्धत पडली, ती अशा अडचणींमुळेच.

व्हॉल्व्हचा गोडवा

व्हॉल्व्हच्या आवाजाला काही खरी कारणेही आहेत. रिसीव्हरच्या शेवटी बहुधा एकच शक्तिवर्धक व्हॉल्व्ह असे. आवाज वाढवला की तो थोडी विकृती निर्माण करतो, पण तिच्यात दुसऱ्या संनादीचा वाटा मोठा असतो. दुसरी संनादी म्हणजे मूळ स्वराचेच वरचे सप्तक. षड्जासोबत तार षड्ज लागावा तशी ती कानाला खुपत नाही. स्वस्त अर्धवाहक वर्धक मर्यादेबाहेर ढकलला, तर लाटेची टोके एकदम कापली जातात आणि कर्कश संनादी उमटतात.

दुसरे कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे आहे. ट्रान्सफॉर्मर वरच्या पट्टीतील सळसळ काहीशी दाबतो. जुन्या संचासोबत बहुधा प्रशस्त पेटीतला मोठा स्पीकर असे. आजच्या छोट्या संचात तळहाताएवढा स्पीकर वरच्या झाकणाला लावलेला असतो. अनेकदा ‘व्हॉल्व्ह विरुद्ध चिप’ म्हणून केलेली तुलना प्रत्यक्षात या दोन स्पीकरांचीच असते.

सिंथेसायझरच्या पहिल्या पिढीचाही येथे संबंध येतो. त्यांच्या लहरीत सूक्ष्म थरथर असे. शेजारी जोरदार केंद्र असले, की त्या थरथरीमुळे हव्या असलेल्या आवाजाखाली खरखर पसरे. जुन्या चांगल्या संचांतील साधा दोलक वारंवारतेत सरकत असला, तरी या बाबतीत अधिक शांत होता. म्हणून मधल्या काळातील काही संचांविषयी जुन्या जाणकारांची तक्रार रास्त होती. आजच्या चांगल्या संचांना मात्र ती लागू पडत नाही.

मायक्रोफोन आणि हवामान

समोरच्याला ऐकू जाणाऱ्या आवाजाचा उगम मायक्रोफोनमध्ये असतो. चकचकीत गोल डोक्याचा अ‍ॅस्टॅटिक ‘डी-१०४’ हा जुन्या काळाची ओळखच बनला आहे. त्यातील स्फटिक रोशेल क्षाराचा असतो. त्याला फार मोठ्या अवरोधाचा इनपुट लागतो. आजच्या संचाला तो थेट जोडला तर खालचे स्वर नाहीसे होतात आणि आवाज पातळ येतो. मध्ये योग्य वर्धक लागतोच. शिवाय रोशेल क्षार दमट हवेत आणि उष्णतेत बिघडतो. गोवा आणि कोकणच्या पावसाळ्यात असा मायक्रोफोन उघडा ठेवणे म्हणजे तो हळूहळू गमावणे होय.

आधुनिक संचाचे बळ आणि दोष

नव्या संचाची खरी ताकद गर्दीत आणि गोंगाटात दिसते. फिल्टरची रुंदी बोटाच्या हालचालीने बदलते, मध्येच येणारी शिटी नेमकी कापता येते आणि पडद्यावर संपूर्ण पट्टा दिसतो. आज घरोघरी एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सौरऊर्जेचे इन्व्हर्टर आहेत. त्यांतून निघणारा विद्युत गोंगाट जुन्या संचांच्या काळात नव्हता.

परंतु गोंगाट कमी करणारी गणिती सोय अतिरेकाने वापरली, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. बोलण्याची सरासरी पातळी वाढवणारा स्पीच प्रोसेसर प्रमाणाबाहेर चढवला, की शब्दांसोबत खोलीतील पंखाही प्रक्षेपित होतो. बारा-तेरा व्होल्टवर चालणारे ट्रान्झिस्टर वर्धक पूर्ण शक्तीला नेल्यास शेजारच्या वारंवारतांवर अधिक विकृती सांडतात. चांगला व्हॉल्व्ह वर्धक येथे बहुधा सरस ठरतो. यावर आलेला उपाय म्हणजे पूर्वविकृती: वर्धक जी चूक करणार, तिच्या नेमकी उलट चूक आधीच लहरीत मिसळायची. भारतातील अपाचे लॅब्ज या कंपनीच्या ‘अनान’ संचांतून ही सोय हौशी मंडळींना उपलब्ध झाली.

हैदराबादचे दोन दाखले

आवाज कशासाठी हवा, याचा एक दाखला हैदराबादशी जोडलेला आहे. तेथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा मोहिमेनिमित्त पोर्ट ब्लेअरमध्ये होते. दूरध्वनी कोलमडले असताना या मंडळींनी निरोपांची देवाणघेवाण सुरू केली. अशा वेळी गोडव्याला अर्थ नसतो. माणसाचे नाव आणि गावाचे नाव पहिल्याच खेपेस अचूक कळणे महत्त्वाचे ठरते.

दुसरा दाखला अश्हर फरहान यांच्या ‘बिटएक्स’ संचाचा. हैदराबादच्या या अभियंत्याने भारतात सहज मिळणाऱ्या स्वस्त भागांतून एसएसबी संचाची रचना केली. कॉइल गुंडाळण्यासाठी नळाचे वॉशर वापरण्याची युक्तीही तिच्यात होती. साध्या स्फटिक फिल्टरचा हा संच जगभरच्या हौशी मंडळींनी घरी बांधला. चांगला आवाज महागड्या संचाचीच मक्तेदारी नाही, हे त्याने दाखवून दिले.

जुना संच पुन्हा बोलता करताना

अनेक जुन्या संचांचा ‘मुळातच खराब’ वाटणारा आवाज हा केवळ वयाचा परिणाम असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले की घुमणारी गुणगुण येते. कागदी कपॅसिटर गळू लागले, की शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो व्होल्टेज पोहोचतो. आवाज फाटतो, व्हॉल्व्ह तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. कार्बनच्या रेझिस्टरची किंमत वर्षांगणिक वाढत जाते. हे मोजके भाग बदलले, तर संच पुष्कळदा मूळ आवाजात बोलू लागतो.

माळ्यावर पडून असलेला संच थेट विजेला जोडणे धोक्याचे आहे. रिसीव्हरमध्ये साधारण २५० ते ३०० व्होल्ट असतात, ट्रान्समीटरमध्ये त्याच्या कितीतरी पट. विजेचा प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर भार धरून ठेवतात आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तपासणी जाणकारानेच करावी. असा संच भंगारात देण्यापूर्वी एखाद्या परवानाधारक हॅमला दाखवणे केव्हाही हिताचे. ट्रान्सफॉर्मर, बदलते कंडेन्सर आणि चालू स्थितीतील व्हॉल्व्ह आज सहज मिळत नाहीत.

निवड कशी करावी

संपर्क, स्पर्धा किंवा आपत्कालीन सेवा हा मुख्य हेतू असेल, तर आधुनिक संच आणि त्याला जोडलेला वेगळा, बऱ्यापैकी मोठा स्पीकर ही व्यवहार्य जोडी आहे. निवांत एएम ऐकणे आणि यंत्राची घडण समजून घेणे हा आनंद असेल, तर जुन्या रिसीव्हरला तोड नाही. तुलना करायची झाल्यास दोन्ही संच एकाच अँटेनाला आळीपाळीने जोडावेत, स्पीकर एकच ठेवावा, फिल्टरची रुंदी आणि आवाजाची पातळी शक्य तितकी समान करावी. त्यानंतर उरणारा फरक संचाचा. आधी ऐकू येत होता त्यातला बराचसा स्पीकरचा आणि फिल्टरचा.

प्रक्षेपण करण्यासाठी, संच कितीही जुना असो वा नवा, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक आहे. त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यानंतर ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतचिन्ह मिळते.