उंची कीं चपळाई?

बास्केटबॉलची टोपली जमिनीपासून १० फूट उंच असते. १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं ती सज्जाला टांगली, तेव्हांपासून ही उंची कायम आहे. अर्थात् उंच गड्याचें पारडें आरंभींच जड!

तेथील महाविद्यालयीन खेळांत १९३७ पर्यंत प्रत्येक गोलानंतर मध्यभागीं चेंडू उडवीत, व तो बहुधा उंच गड्याच्याच हातीं लागे. ती चाल बंद होतांच धांवणाऱ्यांना वाव मिळाला. पुढें बॉब कर्लंडसारखे ७ फुटी गडी टोपलींत शिरणारा चेंडू वरच्यावर थोपवूं लागले. १९४४ मध्यें त्यालाही नियमानें बंदी झाली.

परंतु नियमाच्या साह्यावांचून उंचीला उत्तर नाहींच काय? १९६४ च्या अंतिम सामन्यांत ड्यूक विद्यापीठाकडे ६ फूट १० इंचांचे दोन गडी होते. जॉन वुडन यांच्या यूसीएलए संघांतील पहिल्या पांचांत ६ फूट ५ इंचांहून उंच कोणी नव्हता. त्यांनीं प्रतिपक्षाला मैदानभर घेरलें. चेंडू टोपलीखालच्या उंच गड्यांपर्यंत सुखासुखीं पोहोंचूंच दिला नाहीं. सामना त्यांनीं ९८-८३ असा जिंकला.

गंमत अशी कीं, याच वुडन यांनीं १९६७ ते १९६९ हीं तीन अजिंक्यपदें ७ फूट २ इंच उंचीच्या ल्यू अल्सिंडरच्या बळावर मिळविलीं! मग श्रेष्ठ कोण? उंची दैवानें लाभते, तिचा उपयोग शहाण्यानें अवश्य करावा. पण जेथें ती लाभलेली नाहीं, तेथें नियमाकडे दाद न मागतां स्वतःच्या पायांवर भिस्त ठेवणाऱ्या त्या पांच जणांचें यश मला अधिक मोलाचें वाटतें.