गोधडी आणि अंगुस्तान

गोधडीची ऊब सर्वांस ठाऊक असते. ती शिवणाऱ्या बोटांची हकीकत मात्र क्वचितच कोणाच्या कानीं पडते. जुनीं लुगडीं एकावर एक अंथरावयाचीं, मध्यें फाटक्या धोतरांचे तुकडे घालावयाचे, आणि काठापासून धावदोरा घालीत आंत यावयाचें. पांच-सहा पदर झाले, कीं सुई सहजासहजीं शिरत नाहीं. तिला नेढ्याच्या बाजूनें रेटावें लागतें, आणि तो सारा भार उजव्या हाताच्या मधल्या बोटावर येतो. खालून टोंक कोठें निघालें हें चाचपणारें डावें बोट टोंचून निघतें, तें निराळेंच.

उरणाकडे या कामांत एक अडचण जास्त होती. मोऱ्यापासून करंजापर्यंतचा हा मुलूख समुद्र आणि खाड्या यांनीं वेढलेला. येथली हवा खारट व दमट. उघडी राहिलेली पोलादी सुई लवकरच गंजते, गंजलेली सुई कापडांत अडते, आणि अडलेल्या सुईला रेटा अधिक लागतो. शिवतांना बायका मधून मधून सुई केसांतून फिरवीत, ती उगीच नव्हे; केसांतल्या तेलानें ती सुळकन जाई. त्यांतून मीठ पिकण्याचे आणि गोधड्या शिवण्याचे दिवस एकच, पावसापूर्वींचा उन्हाळा. मिठागरांत राबणाऱ्या बाईच्या हातांस खाऱ्या पाण्यानें भेगा पडत, आणि फावल्या वेळीं त्याच बोटांनीं ती गोधडीला बसे. टोंचलेलें बोट चिघळून नखुरडें झालें, तर आषाढांतल्या भातलावणीला तो हात निकामी ठरे आणि मजुरी बुडे. पेनिसिलीनचा शोध १९२८ सालचा. परंतु तें सर्वसामान्यांस मिळूं लागलें दुसऱ्या महायुद्धानंतर. तोंपर्यंत पोटीस बांधणें किंवा चीर देणें एवढाच इलाज.

मग या बोटास आच्छादन कां नसे? आच्छादन कांहीं नवें नव्हतें. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं सोळाव्या शतकांत पितळी अंगुस्तानें घडविणाऱ्यांचा स्वतंत्र धंदाच होता. जॉन लॉफ्टिंग नांवाच्या डच गृहस्थानें त्या शतकानंतरच्या शतकाअखेर, १६९३ च्या सुमारास, इंग्लंडांत तीं यंत्रानें करण्याची सनद मिळविली. जर्मन लोक या वस्तूस 'बोटाची टोपी' म्हणतात. मराठींतला अंगुस्तान हा शब्द फारशीवरून आला. अंगुश्त म्हणजे बोट. आपल्याकडे ती शिंप्याची वस्तु. शिंपी बोटाच्या कडेनें सुई ढकलतो, म्हणून त्याचें अंगुस्तान वरून उघडें, अंगठीसारखें असतें. शिंप्याला शिलाईचे पैसे मिळत; अंगुस्तान हें त्याचें हत्यार होतें. गोधडीचे पैसे घरांत कोण देणार? आणि ज्या कामाला दाम नाहीं, त्याच्या हत्यारासाठीं तरी पैसा कोण काढणार!

घरांतील स्त्रियांच्या हातीं अंगुस्तान आलें तें पुष्कळसें शाळेच्या वाटेनें. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत शिवण शिकवीत. पुढें पुण्यास १९०९ सालीं निघालेल्या सेवासदनांतहि शिवणाचे वर्ग चालले. तेथें कपडे बेतणें आणि भरतकाम यांस मान होता. गोधडी ही शिकविण्यासारखी वस्तु आहे असें फारसें कोणास वाटलें नाहीं. म्हणून जाड पदरांतून सुई रेटणाऱ्या बोटाला बहुधा चिंधीच गुंडाळलेली असे. चिंधी कांहीं काळ निभावते. मग नेढें तिच्यांतून पार होऊन मांसांत शिरतें. चामड्याची पट्टी त्याहून बरी. पितळी अंगुस्तानावर बारीक खळगे असतात ते शोभेसाठीं नव्हेत. सुईचें बूड त्यांत टेंकतें आणि निसटत नाहीं. मात्र तें बोटाच्या मापाचें हवें. सैल असलें तर गळून पडतें, घट्ट असलें तर बोट बधिर होतें. उरणासारख्या ठिकाणीं त्यावर हिरवी पूटहि चढते. देवाच्या भांड्यांबरोबर तेंहि चिंचेनें घांसलें कीं झालें.

न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि या तालुक्याचें रूपच पालटलें. अनेक मिठागरें गेलीं, बाजारांतून तयार पांघरुणें आलीं. शहरांतील दुकानांत आतां गोधड्या विकत मिळतात. हातशिलाईची असली तर किंमत अधिक. ती शिवणारीच्या उजव्या बोटावर आज अंगुस्तान असूं शकतें. डावें बोट मात्र पुष्कळ जणी उघडेंच ठेवतात, कारण झांकलेल्या बोटाला सुईचें टोंक नीट कळत नाहीं.